रक्तातला चुना

डॉक्टरच्या आठवणी म्हटल्या की लोकांना रोगांच्या साथी हव्या असतात, नाहीतर पोटातून निघालेली भलीमोठी गाठ. दोन्ही मी पाहिल्या आहेत. पण लालबागचा दवाखाना बंद करून घरी बसल्यापासून माझ्या मनात घोळतो तो एक वेगळाच आजार. त्याचं इंग्रजी नाव एवढं लांबलचक की ते सांगून संपेपर्यंत नातेवाईक घाबरून खाली बसत. पुढे पुढे मी नाव सांगणंच सोडून दिलं. उभ्या कारकिर्दीत या आजाराचे रोगी मला थोडेच भेटले. पहिली भेटली ती गोदावरी तांबे. हे लिहिते आहे ते तिच्याबद्दल.

मी तेव्हा परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नुकतीच हाउसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, म्हणून लागले होते. बाई असले तरी हुद्दा हाउसमनच होता. छप्पन्न सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात जाणार, असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. आमच्या अपघात विभागात लाठीने डोकी फुटलेली, गोळ्या लागलेली माणसं येत होती. गिरगावातल्या आमच्या घराची मजल मुलीने डॉक्टर व्हावं इथवर गेली होती. त्या मुलीने गोळीबारात परळला जाऊन राहावं, हे आईला पेलत नव्हतं. मी चार दिवस घरी गेलेच नव्हते.

एका दुपारी संचारबंदी थोडा वेळ उठली, तेव्हा चाळीतल्या माणसांनी हातगाडीवर घालून एका तरुण बाईला आणलं. केस सोडलेले, कपाळभर हळदकुंकू. बरोबर नवरा आणि सासू. आमचा वॉर्डबॉय तिच्याकडे एकदा बघून म्हणाला, "बाई, हिच्या अंगात आलंय. बाहेर बसवू का? इथे जखमी ठेवायला जागा नाय."

मी तिचे हात पाहिले. दोन्ही मनगटं आत वळलेली, बोटं सरळ ताठ आणि एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्यात गेलेला. सुईण बाळंतपणात हात निमुळता करते, तसे. श्वास आत घेताना तिच्या घशातून बारीक, शिट्टीसारखा आवाज येत होता. डोळे मात्र उघडे होते आणि ते माझ्याकडेच बघत होते.

मी पुढे झाले तशी सासू मध्ये आली. "बाय, हात नका लावू. देवीचा अंमल हाय."

"आये, तू गप ऱ्हा," नवरा म्हणाला. त्याचं नाव भिकाजी, गिरणीत सूतकताईच्या खात्यात होता. "बाय, आज आवाज जास्त येतोय. काळी-निळी पडली मघाशी. बघा काय ते."

तिच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत बाजूला सरकली होती. तिच्याखाली एक आडवा, जुना व्रण होता.

"हे ऑपरेशन कसलं?"

"गळ्याला गंड होता. लगीन झालं त्याच्या फुडल्या साली काढला. दुसऱ्या हास्पिटलात."

"आणि हे असं कधीपासून होतंय?"

त्याने आईकडे पाहिलं. "त्याच्यानंतरच," तो म्हणाला. ऑपरेशन आणि हे दुखणं त्याने एकत्र असं पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं असावं.

पुस्तकात वाचलेलं आठवून मी तिच्या कानाच्या पुढे, गालावर बोटाने हलकेच टकटक केलं. त्याबरोबर तिच्या ओठाचा कोपरा फडफडला. पुन्हा केलं, पुन्हा फडफडला. मी धावत जाऊन डॉक्टर वाघळ्यांना बोलावलं. ते माझे वरिष्ठ. एका पोराच्या मांडीतली गोळी काढून नुकतेच उठले होते, एप्रन रक्ताने माखलेला. त्यांनी हात पाहिले, व्रण पाहिला आणि एवढंच म्हणाले, "कॅल्शियम आण. शिरेतून दे, पण सावकाश. घाई केलीस तर हृदय थांबेल. घड्याळाकडे बघू नकोस, तिच्या नाडीवर बोट ठेव." आणि ते पुढच्या जखमीकडे गेले.

तिला निजवलं होतं त्या बाकाशेजारी गुडघे टेकून मी इंजेक्शन देत राहिले. चहूकडे कण्हणं, ओरडणं, बाहेरून कुठूनतरी घोषणा. आधी घशातला तो आवाज थांबला. मग एक बोट सुटलं, मग दुसरं. अंगठा तळव्यातून हळूहळू बाहेर आला. तिने पहिलं वाक्य उच्चारलं, "आतून ऊन ऊन वाटतंय." कॅल्शियम देताना तसं वाटतं खरं. मग तिने पाणी मागितलं. अर्धं प्यायली आणि उरलेल्या पाण्याने, सासूसमोर, कपाळावरची हळद आणि कुंकू पुसून टाकलं.

आता हा आजार म्हणजे काय, ते सांगते. गळ्यात थायरॉईड नावाची मोठी ग्रंथी असते. तिच्या पाठीमागे मसुराच्या डाळीएवढ्या चार बारक्या ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तातलं कॅल्शियम जागच्या जागी ठेवणं हे त्यांचं काम. आपल्याला वाटतं कॅल्शियम हाडांसाठी. पण रक्तातला त्याचा जो थोडासा अंश असतो, त्याच्यावरच नसा आणि स्नायू ताळ्यावर असतात. तो उतरला की आधी ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मग स्नायू आपणहून आवळतात. कधी झटके येतात, कधी घसाच आवळतो आणि माणूस गुदमरतो. गंड, म्हणजे फुगलेली थायरॉईड, काढताना त्या चिमुकल्या ग्रंथी निघून जाऊ शकतात, नाहीतर त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. त्या काळी चांगल्या चांगल्या सर्जनांच्या हातून हे होई. गंड आतून त्यांना असा लपेटून बसलेला असे की वेगळ्या ओळखायच्या कशा?

गोदावरी वॉर्डात राहिली. माझ्याच वयाची होती, चार दिवसांत मोकळेपणी बोलू लागली. आधी एका वैद्याने वात म्हटलं होतं, एका डॉक्टरने फिट म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्याने भिकाजीला बाजूला घेऊन सांगितलं की बाई नखरे करते. शेवटी चाळीने ठरवलं की देवी येते. मंगळवारी-शुक्रवारी बायका तिच्या पाया पडायला येऊ लागल्या. सासूला, आयेला, चाळीत मान मिळू लागला.

"लोकं पाया पडायची तेव्हा मी शुद्धीवर असायची, बाई," गोदावरी म्हणाली. "सगळं ऐकू यायचं. एक म्हातारी विचारायची, माझा मुलगा बोटीवर गेलाय, परत येईल का? माझा घसा आवळलेला. तो आवाज ऐकून ती म्हणायची, येणार म्हणाली देवी. जीभ वळली असती तर सांगितलं असतं की मला ठाऊक नाय गो आजी."

"तुला वाटायचं का देवी आहे म्हणून?"

ती बोटं उघडून-मिटून बघत म्हणाली, "देवी असती तर मला एवढं दुखलं नसतं."

या आजाराला बरं होणं नाही. गेलेल्या ग्रंथी परत येत नाहीत. तेव्हा त्यांचं काम बाहेरून, आपण, जन्मभर करायचं. कॅल्शियमची पूड पाण्यात ढवळून दिवसातून काही वेळा घ्यायची. ती खडू खाल्ल्यासारखी लागते; गोदावरी तिला चुनाच म्हणायची. शिवाय ड जीवनसत्त्व, तेही भरमसाट, म्हणजे पोटातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. आणि दूध बेताने घ्यायचं. दुधात कॅल्शियम असलं तरी फॉस्फरसही असतो, तो अशा रोग्याच्या रक्तात आधीच वाढलेला असतो. हे सांगितल्यावर आयेचा माझ्यावर उरलासुरला विश्वास उडाला. "आजारी माणसाला दूध नको म्हणणारी डाक्टरीण मी पयलीच बघितली."

खरा घोर पुढेच होता. ड जीवनसत्त्व कमी पडलं तर हात वळतात. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं, तहान लागते, ओकाऱ्या होतात, आणि ते मूत्रपिंडात जाऊन साचतं. या दोहोंमधली वाट अगदी अरुंद. रक्त तपासायचं तर त्याला वेळ लागे आणि पुन्हा पुन्हा तपासणं कोणालाच परवडत नसे. म्हणून आम्ही रोग्याला एक ढोबळ परीक्षा शिकवत असू. काचेच्या नळीत सकाळची लघवी घ्यायची, तेवढंच प्रयोगशाळेतून दिलेलं औषधी पाणी घालायचं आणि उजेडात धरायचं. नितळ राहिलं तर कॅल्शियम कमी. पातळ धुकं आलं तर ठीक. दाट, दुधासारखं पांढरं झालं तर औषध थांबवायचं आणि तडक यायचं.

गोदावरीने हे पटकन उचललं. घरी गेल्यावर नीट जमतंय का बघायला मी एकदा तिच्या चाळीत गेले. महारांची वस्ती होती ती. आये स्टोव्हपाशी बसून राहिली, पाणी काही विचारलं नाही. मीच मागितलं. तिने मुलाकडे पाहिलं. मग घासलेलाच पेला राखेने पुन्हा घासला, धुतला आणि पाणी भरून माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही. मी उचलून प्यायले. गोदावरी गॅलरीत उभी राहून नळी उन्हाला धरून बघत होती. "धुकं आलंय," ती म्हणाली.

त्याच साली दसऱ्याला भिकाजी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. मागोमाग इकडेही घरोघर दीक्षा झाल्या. घरातले देव घरात ठेवायचे नाहीत असं ठरलं. आयेने आपल्या हाताने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि शिवडीच्या खाडीत सोडून आली. हे मला गोदावरीने सांगितलं, औषधाची बाटली न्यायला आली तेव्हा. तेव्हा तिला दिवस गेले होते. मी मनातून हबकले. या आजारातलं बाळंतपण आमच्या रुग्णालयात कोणी केलेलं ऐकिवात नव्हतं.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात भिकाजी पकडला गेला आणि तुरुंगात गेला. पाठोपाठ हरताळ. लालबाग-परळची सगळी दुकानं बंद. गोदावरीला डोहाळ्यांच्या ओकाऱ्या, औषध पोटात ठरत नव्हतं आणि पूडही संपत आली होती. त्या दुपारी मी वॉर्डात होते. बघते तर आये दारात उभी. भर उन्हात चालत आलेली, पदराने तोंड पुसत.

"बाय, चला. हात वळलेत."

मी वाघळ्यांना सांगितलं, सिरिंज आणि कॅल्शियमच्या कुप्या पिशवीत टाकल्या आणि तिच्याबरोबर निघाले. रस्त्यावर वाहन नव्हतं. आये माझ्यापुढे चालत होती, जवळजवळ धावतच.

चाळीच्या गॅलरीत गर्दी होती. खालच्या मजल्यावरची शेवंताबाई लिंबू आणि ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. मागे कोणीतरी बोलावून आणलेला भगत. आत गोदावरी भिंतीला टेकलेली, दोन्ही हात छातीशी आवळलेले, घशातून तो आवाज.

"देव खाडीत सोडलेस, आये," शेवंताबाई म्हणाली. "आता भोग. अजून वेळ गेली नाय. ओटी भर, चूक झाली म्हण."

आयेने शेवंताबाईकडे पाहिलं. मग दारात आडवी उभी राहिली, म्हणजे मी आत जाऊ शकेन आणि दुसरं कोणी येऊ शकणार नाही अशी.

"ही देवी नाय," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "तेव्हापण नव्हती. हिच्या रगतात चुना कमी पडलाय. ह्या बाय आता देतील."

मी आत जाऊन शीर शोधली. आवळलेल्या हाताची शीर सापडणं सोपं नसतं. पाठीमागे आये दारातच होती. तिने वळून पाहिलं नाही. गोदावरीची बोटं सुटली, श्वास मोकळा झाला, तेव्हा कुठे ती खाली बसली. गर्दी पांगली. शेवंताबाई मात्र ताट खाली ठेवून थांबली आणि बराच वेळ गोदावरीचे पाय चोळत राहिली. हेही सांगायला हवं.

निघताना आये मला जिन्यापर्यंत पोचवायला आली. "टाक सोडवत नव्हते माझ्याच्यानं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? आज तिचा आवाज ऐकला आणि वाटला, झाला. देव कोपले. मग म्हटला, सोडलेले देव मी परत मागायला जाणार कुठं? म्हणून तुमच्याकडं आले."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरले.

त्या दिवसापासून गोदावरीचं औषध आयेने आपल्याकडे घेतलं. रोज सकाळी ती सुनेच्या गालावर बोटाने टकटक करून ओठ हलतो का बघायची. नव्या भाडेकरूंना वाटायचं, म्हातारी सुनेला थापट्या मारते.

बाळंतपण रुग्णालयात केलं. वाघळे स्वतः खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते, मी आत कॅल्शियम भरून तयार. कळांमध्ये तिचे हात एकदाच वळले आणि लगेच सुटले. मुलगी झाली. तुरुंगातून सुटून आलेल्या भिकाजीने तिचं नाव सुजाता ठेवलं.

इथे ही हकीकत संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं.

मूल अंगावर पिऊ लागलं की आईचं कॅल्शियम दुधातून जाणार, तेव्हा औषध वाढवावं लागेल, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. झालं उलटं. गोदावरीला तहान लागू लागली, घोटभर पाणीही ठरेना, बाळाला घेतल्याघेतल्या झापड यायची. नळीत धुक्याऐवजी दही विरजल्यासारखं पांढरं. औषध ताबडतोब थांबवलं, सलाईन दिलं, ती सावरली. दूध पाजणाऱ्या बाईचं शरीर हाडांतलं कॅल्शियम आपणहून सोडू लागतं आणि तिला औषध कमी लागतं, हे शास्त्राला कळायला पुढे कितीतरी वर्षं जावी लागली. ते कळलेलं मासिकात वाचलं तेव्हा मी मासिक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

ते एक आजारपण आणि ड जीवनसत्त्वाची ती सततची मोठी मात्रा, दोन्हींनी तिच्या मूत्रपिंडांत हळूहळू चुना साचत गेला. मुंबईसह महाराष्ट्र झाला, चाळीत दिवे लागले, तेव्हा ती सुजाताला कडेवर घेऊन मला साखर द्यायला आली होती. चेहऱ्यावर सूज दिसली. मी लगेच तिचं रक्त काढून घेतलं. त्यानंतर ती काही वर्षं जगली, बऱ्या-वाईट दिवसांची. हात पुन्हा कधी वळले नाहीत. ज्या औषधाने ते सरळ ठेवले, त्याच्याच पायी ती गेली. त्याच्यावाचून ती त्या हातगाडीवरच गेली असती, हेही खरं. हा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला, तो जुळत नाही. आये तिच्यानंतर वर्षभरच राहिली.

पुढे मी लालबागला दवाखाना काढला. एका संध्याकाळी एक तरुण मुलगी येऊन बसली. शाळेत शिक्षिका होती, लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांना कोणीतरी सांगितलं होतं की हिच्या आईला झटके येत.

"मी सुजाता तांबे. डॉक्टर, आईचा आजार मला होईल का?"

मी चष्मा नाकावर खाली ओढून तिच्याकडे पाहिलं.

"अजिबात नाही. तो ऑपरेशनमुळे झाला होता. वारशाने येणारा नव्हे. मुलाकडच्यांना माझ्याकडे पाठव, मी समजावून सांगते."

मला वाटलं, ती सुटकेचा श्वास टाकेल. ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत बसली.

"म्हणजे आईचं माझ्यात काहीच आलेलं नाही," ती म्हणाली. "मला आई आठवते ती अंथरुणावरच. बाबा तिच्याविषयी बोलत नाहीत. आजीपण गेली. मला वाटायचं, निदान आजार तरी."

बाहेर पेशंट खोकत होते. मी उठून दार लावून घेतलं.

"तुझी आई नक्कल फार छान करायची," मी म्हणाले. "वॉर्डात आम्हा सगळ्यांची करून दाखवायची. डॉक्टर वाघळे रागावले की कसे चालतात, ते. एकदा ते मागे येऊन उभे राहिले तरी हिचं चालूच. तेही हसायला लागले."

सुजाताने एकदम तोंडावर हात ठेवला.

"मीपण करते," ती म्हणाली. "शाळेत. आमच्या हेडबाईंची. कोणी शिकवलं नाही मला."

"दाखव बघू."

ती लाजली. मग खुर्चीत ताठ बसली, मान जराशी तिरकी केली, नसलेला चष्मा नाकावर खाली ओढला आणि हेडबाईंची नव्हे, माझीच नक्कल करत म्हणाली, "अजिबात नाही. मुलाकडच्यांना माझ्याकडे पाठव."